झोटेरो आणि बेटर बिबटेक: हरवलेल्या सायटेशन की परत मिळवल्यानंतरचा अनुभव

बडोदा संस्थानच्या प्रशासनावर माझं पीएचडीचं काम चालू आहे. लिखाण लाटेक या मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीत, संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि दोन्हींना जोडणाऱ्या सायटेशन की (प्रत्येक संदर्भाचं छोटं ओळखनाव) झोटेरोच्या बेटर बिबटेक या प्लगइनच्या. पावसाळ्यात लॅपटॉपची डिस्क गेली. नव्या मशीनवर झोटेरो ७ टाकून लॉगिन केलं, तर नोंदी, नोट्स, टॅग सगळं जसंच्या तसं परत आलं. प्रबंध कंपाइल केला, म्हणजे लाटेकमधून पीडीएफ बनवली, तर संदर्भांच्या जागी पानोपानी प्रश्नचिन्हं.

झोटेरो ७ मध्ये पिन न केलेली, म्हणजे नोंदीला कायमची न जोडलेली की सिंक होतच नाही. ती त्या मशीनवरच्या डेटाबेसमध्ये राहते आणि नव्या मशीनवर फॉर्म्युल्यावरून (की कशी बनवायची त्या नियमावरून) पुन्हा तयार होते. प्लगइनची सेटिंग्जही सोबत येत नाहीत, त्यामुळे माझा 'लेखक-वर्ष' हा फॉर्म्युला जाऊन मूळचा लागू झाला होता. तो पूर्ववत केल्यावर बहुतेक की आपसूक जुळल्या.

खरं काम पुढेच होतं. १९०१ च्या बडोदा जनगणनेच्या भागांचा लेखक एक, वर्षही एक. अशा वेळी प्लगइन पहिल्या नोंदीला साधी की देतं, दुसरीला शेवटी ए, तिसरीला बी. की नव्याने तयार होताना हा क्रम बदलू शकतो. माझ्याकडे बदललाच. गहाळ की निदान प्रश्नचिन्ह तरी दाखवते. अदलाबदल झालेली की काहीच दाखवत नाही. अहवालाचा संदर्भ गुपचूप तक्त्यांच्या भागाकडे जातो आणि वॉर्निंगसुद्धा येत नाही. इतिहासाच्या प्रबंधात याहून वाईट चूक मला सुचत नाही.

वाचवलं ते बीबीएल फाइलने, म्हणजे कंपाइल करताना तयार होणाऱ्या संदर्भसूचीच्या फाइलने. प्रबंधाचं फोल्डर क्लाउडवर होतं, त्यात जुन्या कंपाइलची ही फाइल शाबूत होती. कंपाइल करतानाच बनणाऱ्या ऑक्स फाइलमध्ये नुसत्या की मिळतात, बीबीएलमध्ये प्रत्येक कीसोबत लेखक, शीर्षक, वर्ष असा अख्खा संदर्भ असतो. ती उघडून एकेक नोंद ताडून पाहिली आणि झोटेरोच्या 'एक्स्ट्रा' रकान्यात 'सायटेशन की', कोलन आणि पुढे जुनी की अशी ओळ (अर्थात रोमनमध्ये) घातली. ती ओळ असली की ती की पिन झाली. ती नोंदीबरोबर सिंकही होते.

एवढं होऊनही मी झोटेरो सोडलं नाही. जॅबरेफ या दुसऱ्या संदर्भ-सॉफ्टवेअरमध्ये की थेट बिब फाइलमध्येच (लाटेकला संदर्भ पुरवणाऱ्या फाइलमध्येच) असते, ती वेगळी हरवायचा प्रश्नच नाही, आणि ज्यांचे संदर्भ आधीच तयार आहेत त्यांना मी तेच सुचवेन. पण ब्राउझरमधून एका क्लिकवर नोंद उचलण्यात झोटेरोचा हात मला तरी कोणी धरलेला दिसला नाही. फक्त नोंद आली की शीर्षक आणि वर्ष तपासून लगेच की पिन करते, आणि 'कीप अपडेटेड' (झोटेरोतले बदल आपोआप फाइलमध्ये उतरवणारा पर्याय) लावून एक्सपोर्ट केलेली बिब फाइल प्रबंधाच्या फोल्डरमध्येच ठेवते.

बीबीएल उरली नसेल, पण गाइडना मेल केलेली पीडीएफ असेल, तरी हातपाय गाळू नका. पीडीएफमध्ये लिंक घालणारं लाटेकचं हायपररेफ पॅकेज वापरलं असेल तर संदर्भाच्या प्रत्येक लिंकच्या नावात ती की असते. त्या पीडीएफमधल्या लिंकची नावं काढून घ्या आणि ती लिंक संदर्भसूचीत कुठे उतरते ते बघा. कोणती की कोणत्या ग्रंथाची हे तिथेच कळतं.