धुराडं काढायचं गुत्तं आणि मलब्यात गेलेलं सागवान

लातूर जिल्ह्यातल्या एका दगडमातीच्या घरी गुत्तेदारानं धुराडं काढायचं काम 18 हजारांत अंगावर घेतलं. चुलीमागचा भिंतीबाहेर आलेला भाग फोडायचा, तिथं ओटा आणि फ्रिज बसेल एवढी जागा करायची, मलबा त्यानंच उचलायचा, असं ठरलं. 10 हजार उचल घेऊन त्यानं दोन दिवसांत काम उरकलं आणि भिंतीवर जिप्सम ओढून ती गुळगुळीत करून दिली. पहिल्या मोठ्या पावसानंतर छताखाली आडवी चीर दिसली. करंगळी जाईल एवढी ती रुंदावली, तेव्हा कुठं कुणीतरी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढून पाहिलं. वर धुराडं जसंच्या तसं उभं होतं.

म्हणजे खालचा पायच काढला होता आणि वरचा भाग दोन फळ्यांवर तोलून ठेवला होता. फळ्या जिप्समखाली झाकलेल्या. वरचा भाग 3 फूट बाय 2 फूट, उंची 5 फूट, मधली धूरवाट फूटभर चौरस. विटांचं बांधकाम घनमीटरला 1,900 किलो धरा, 1,300 किलोंहून जास्त भरतं. हे वजन ओट्यापाशी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोक्यावर लटकत होतं.

एवढ्यावर भागलं नाही. जुन्या घरांत धुराड्याच्या खांद्यावर बऱ्याचदा तुळईचं टोक टेकलेलं असतं आणि इथंही तसंच होतं. तुळईवर किलचन, म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, किलचनावर पांढरी माती, तीही दरसाल नव्यानं टाकलेली. 10 बाय 10 फुटांच्या माळवदावर फूटभर माती असली तरी ती साडेचार टनांच्या घरात जाते आणि भिजली की आणखी जड होते. त्यात फोडणी ब्रेकरनं झालेली. मातीत रचलेल्या दगडी भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात, मध्ये नुसती भर. आरपार दगड नसले तर ब्रेकरच्या हादऱ्यानं ते थर सुटतात आणि भिंत पोट काढते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात माणसं चिरडली गेली ती अशाच भिंती आणि वरच्या मातीच्या बोजाखाली. या भागात तरी हे कुणाला नव्यानं सांगायला नको.

तक्रार केल्यावर गुत्तेदारानं वरचा भार पेलणाऱ्या लोखंडी गर्डरचे वेगळे 35 हजार मागितले. बिलावर सहा इंची गर्डर लिहिला, भिंतीत बसवला चार इंची चॅनल. टेप लावली असती तर तिथंच उघडं पडलं असतं. सहा इंची गर्डर मीटरला सुमारे 15 किलो असतो, म्हणजे 8 फुटांचा एक नग साधारण 36 किलो. वजनकाट्याची पावती मागा आणि भिंतीत जाण्याआधी नगाची उंची स्वतः मोजा, ती 150 मिलिमीटर भरली पाहिजे.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती सागवानाची. ‘मलबा मी उचलतो’ या तीन शब्दांत दोन सागवानी तुकडे आणि घडीव दगड ट्रॅक्टरमधून गेले. 8 फूट लांब, 6 बाय 6 इंचांची एक तुळई 2 घनफूट होते आणि जुन्या सागवानाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. जुना माल मालकाचा, हे कागदावर लिहून घ्या. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक नगावर खडूनं आकडा टाकून फोटो काढा.

ठेवायचं की काढायचं, हे खालून ठरत नाही. आधी माळवदावर जा, मग छताखाली तुळयांची टोकं कुठं टेकलीत ते टॉर्च लावून बघा. टोक धुराड्यावर असेल आणि माळवद तसंच ठेवायचं असेल, तर धुराडं ठेवा, त्यात फडताळ करा. फूट-दीड फूट जागेसाठी छप्पर धोक्यात घालणं आम्हाला मुळीच पटत नाही. माळवद उतरवून पत्रे किंवा स्लॅब वेगळ्या खांबांवर घ्यायचाच असेल, तर धुराडंही त्याच वेळी जाऊ द्या.

एरवी काढायचंच झालं, तर दोन्ही बाजूंना जॅक, जॅकखाली जाड फळी, आणि फोडणी वरून खाली, छिन्नी-हातोड्यानं. गर्डरची टोकं काँक्रीटच्या बेडवर किमान 8 इंच बसली पाहिजेत. गर्डरवरची फट 1 ला 3 च्या कोरडसर सिमेंट-वाळूच्या मसाल्यानं ठोकून भरा आणि जॅक सात दिवस हलवू नका. काजळी खाल्लेल्या विटांवर जिप्सम टिकत नाही, पिवळे-तपकिरी डाग पुन्हा वर येतात. तो भाग खरवडून चुन्याचा गिलावा करा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात.

धुराडं ठेवलं तर तोंड बुजवू नका. वर चार कोपऱ्यांना विटा ठेवून त्यावर शहाबादी फरशी टाका, खाली जमिनीपासून वीतभर उंचीवर 4 इंची जाळी बसवा, म्हणजे हवा खेळती राहते आणि आत ओल धरत नाही. काढत असाल तर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी गुत्तेदारासोबत माळवदावर चढा आणि धुराड्याच्या जागी काय उरलंय ते डोळ्यांनी पाहा.