लाकडाचा स्टोव्ह की हीट पंप?
घर गरम ठेवायला यातलं काय घ्यावं असं विचारणारे बहुतेक जण फक्त बिल बघतात, पण आधी धूर बघा ना. चिमणी धूर संपवत नाही, नुसता बाहेर ढकलते, आणि थंडीच्या रात्री वारा पडला की तोच धूर जमिनीलगत साचतो, पीएम २.५ चे बारीक कण फटींतून परत घरात आणि शेजारच्या दमेकऱ्याच्या छातीत पण. हीट पंप विजेवर चालून बाहेरची उष्णता घरात ओढतो, काही जाळत नाही, म्हणून त्याचा घरापाशी धूर शून्य.

खर्चात, लाकूड फुकट असेल तर स्टोव्ह स्वस्त, पण फोडा, वाळवा, राख काढा हे रोजचंच.

दाट वस्तीत हीट पंपच घ्या. लांब एकटं घर आणि वीज सारखी जात असेल तर स्टोव्ह चालेल, फक्त लाकडात ओलावा २० टक्क्यांहून कमी हवा, दोन ओंडके एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजले पाहिजेत, बद्द नाही.