फुजी बघायचा तर कावागुचिको की हाकोने?

टोकियोहून एकच रात्र काढता येतेय आणि फुजी बघायचाच आहे, अशा पेचात पडलेल्या मैत्रिणीसाठी हे लिहितेय.

डोंगर नीट दिसायला हवा असेल तर कावागुचिको निर्विवाद पुढे. तिथल्या कावागुची तळ्याच्या उत्तर काठावरून 3,776 मीटरचा अख्खा फुजी समोर उभा राहतो. जानेवारीत आम्हाला पहिल्या दिवशी नुसते ढग दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला खोलीचा पडदा सरकवला, तर गुलाबी झालेलं शिखर पाण्यात उलटं पडलेलं! म्हणून तिथे मुक्काम कराच. हाकोनेतून तो लांबूनच, आशी तळ्यामागून डोकावतो, तोही हवा स्वच्छ असली तर.

पण ढग हटलेच नाहीत तर? कावागुचिकोत मग मन रमत नाही. हाकोनेत ओवाकुदानी या ज्वालामुखीच्या दरीतली गंधकाची वाफ, तिथली काळ्याकुट्ट कवचाची उकडलेली अंडी, तळ्यातली बोट, गरम पाण्याची कुंडं. रोपवे मात्र वारा किंवा विषारी वायू वाढला की बंद ठेवतात.

टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनहून दोन्हीकडे थेट रेल्वे आहे: हाकोने-युमोतोला (हाकोनेच्या स्टेशनला) साधारण दीड तास, कावागुचिकोला दोन.

हिवाळ्यात, फक्त फुजीसाठी जात असाल तर कावागुचिको. उन्हाळ्याचे ढगाळ दिवस आणि सोबत आईवडील किंवा मुलं असतील तर हाकोने.