मॅकमास्टर पट्टी: घ्यावी, पण लीद उचलायचं फावडं आधी

दर तीन महिन्यांनी सगळ्या घोड्यांना सरसकट जंतांची पेस्ट चाटवणाऱ्या ग्वाल्हेरच्या पागांनी लिदेतली जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची ही दोन कप्प्यांची पट्टी जरूर घ्यावी. साधारण 20 टक्के घोडेच कळपातली 80 टक्के अंडी टाकतात. उरलेल्यांना उगाच दिलेल्या औषधातून वाचतात ते औषधाला न जुमानणारे जंत.

वापर सोपा आहे. लिटरभर कोमट पाण्यात 400 ग्रॅम मीठ ढवळा. तळाशी थोडं न विरघळता उरलं पाहिजे. गार झाल्यावर त्यातलं 26 मिली पाणी 4 ग्रॅम ताज्या लिदेत कालवा, चहाच्या गाळणीतून गाळा आणि ढवळता ढवळताच ड्रॉपर भरा. दोन्ही कप्पे भरून 5 मिनिटं थांबा. दोन्ही कप्प्यांवर आखलेल्या जाळ्यांतली अंडी मोजून 25 ने गुणलं की एका ग्रॅममागची संख्या मिळते. प्रौढ घोड्यात ती 200 च्या आत असेल तर थांबायचं, 500 च्या वर असेल तर औषध, मधल्यांचं पशुवैद्य ठरवतील. वर्षातून एक-दोन मात्रा मात्र सगळ्यांनाच लागतात.

नवखा माणूस फसतो तो फोकसमध्ये. अंडी तरंगून वरच्या पृष्ठाला टेकतात, म्हणून फोकस आखलेल्या रेघांवरच हवा. जाड काळी कड दिसली तर तो हवेचा बुडबुडा. अंडं लांबट, पातळ कवचाचं, आत पेशींचा द्राक्षांच्या घोसासारखा पुंजका.

प्लॅस्टिकच्या पट्टीवर ओरखडे लवकर पडतात, स्पिरिटने तर ती तडकतेच. मोजणी तासाभरात संपवून लगेच साध्या पाण्याने धुवा, नाहीतर कप्प्यात मिठाचे खडे धरतात. नमुन्याच्या पिशवीतली हवा काढून ती फ्रिजमध्ये ठेवा. मे महिन्यात गाडीत राहिली तर अंडी फुटतात आणि आकडा खोटाच कमी येतो.

शून्य आलं म्हणून घोडा निर्धोक नव्हे: पट्टीला 25 च्या खालचं दिसत नाही, आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या तर नाहीच, आणि पट्टकृमी बहुधा निसटतात. शिंगरांना हे आकडे लावू नयेत. औषधानंतर 14 दिवसांनी पुन्हा मोजा. आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध देऊनही अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली तर औषध निकामी होत चाललंय.

खरी बचत कुरणात आहे. लीद आठवड्यातून दोनदा उचला. पावसाळ्यात आठवडाभरात अंड्याची बाधा करणारी अळी होते. दंताळ्याने लीद पसरायची ती फक्त मे-जूनच्या उन्हात, तीही घोडे बाहेर काढून. न फोडलेला गोळा वरून वाळलेला दिसतो, आत ओलसरच असतो, आणि पहिल्या सरीला त्यातल्या अळ्या गवतावर चढतात. पाऊस लागल्यावर दंताळं हातातही धरू नका. शेजाऱ्याच्या गाई मिळाल्या तर रिकाम्या कुरणात सोडा: घोड्याचे हे जंत गाईत टिकत नाहीत, गवताबरोबर अळ्याही संपतात.