जपानीचा वर्ग: तास वाचनाला द्यायचा की ऐकण्याला?

वर्गाचे तास मोजके आणि जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची पातळी तपासणारी परीक्षा, जुलै नाहीतर डिसेंबरला ठरलेली. अशा वेळी नवा शिक्षक अडतो तो दोक्काई, म्हणजे वाचन, आणि चोकाई, म्हणजे ऐकणं, यांत.

वाचनात मराठी विद्यार्थ्याचं बरंचसं काम आपली भाषाच करते. क्रियापद शेवटी, नामामागे प्रत्ययासारखे शब्द; 'तोमोदाची नो होन' म्हणजे सरळ 'मित्राचं पुस्तक'. अडचण कांजीची, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चित्राक्षरांची, आणि शब्दांत जागा न सोडण्याची. पण उतारा समोरच असतो, मागे जाऊन ओळ पुन्हा वाचता येते.

चोकाईत ध्वनिफीत एकदाच वाजते. 'किते' म्हणजे या, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. हा फरक पता-पत्ता ओळखणाऱ्या कानाला जड नाही. 'ओबासान' (काकू) आणि 'ओबाआसान' (आजी) यांत मात्र हमखास गोंधळ. त्याहून फसवं असतं ते अर्धवट वाक्य. संवादातली ती विचारते, शनिवारी भेटू या? तो म्हणतो, 'दोयोबी वा चोत्तो...' आणि थांबतो. हा नकार झाला. 'शनिवारी जरा...' असं आपणही म्हणतोच की! तरी विद्यार्थी 'शनिवार' ऐकला की तेच उत्तर रंगवून मोकळा.

आता गुणांचं बघा. एन४ला, म्हणजे परीक्षेच्या खालून दुसऱ्या पातळीला, वाचन हे शब्दसंग्रह आणि व्याकरणाबरोबर १२० गुणांत मोजतात, किमान ३८ लागतात. म्हणजे कच्चं वाचन व्याकरणाच्या आधारावर तरून जातं. ऐकण्याचे ६० गुण स्वतंत्र, किमान १९. तिथे कमी पडलं, तर पास व्हायला लागणाऱ्या एकूण ९०च्या वर जाऊनही नापास. त्याच्या वरच्या एन३ला वाचनही वेगळं होतं: तीन भाग, प्रत्येकी ६० गुण, प्रत्येकात किमान १९.

म्हणून माझं मत असं: एन४च्या वर्गात तास चोकाईला द्या आणि उतारे घरी सोडवायला द्या. (पाळीपाळीने मोठ्याने वाचून घेणं म्हणजे दोक्काई नव्हे, त्यात उच्चार सुधारतात, वेळही जातो.) संवाद आधी कागदाशिवाय ऐकवा, उत्तर लिहून घ्या, मग संहिता देऊन कान कुठे चुकला तिथे खूण करायला सांगा, आणि पुन्हा ऐकवा. एन३ची बॅच असेल, तर पहिल्या आठवड्यापासून घड्याळ लावून उतारे सोडवून घ्या.