अकीकाचा खलबत्ता: सत्तावीस वर्षं वापरून

हा खल मी १९९७ साली घेतला. पीएच.डी.ला नाव नोंदवलं त्याच महिन्यात, स्वतःच्या पैशानं, अठराशे रुपयांना. बाहेरून शंभर मिलिमीटर, आत आमटीच्या वाटीएवढा खळगा, राखाडी दगडावर दुधी पट्टे. दुकानदार म्हणाला, "खंबायतचा माल आहे, मॅडम." असेलही. अकीक घडवायचं काम तिथं, गुजरातेत, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि हा दगड मुळात आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सिलिका साचून तयार होतो. सोलापूरच्या माळावर पायाला टोचणाऱ्या गारगोट्यांचा हा जरा खानदानी चुलतभाऊ.

घरी आणल्यावर आईनं उचलून पाहिला. "एवढ्याशा भांड्याला अठराशे? ह्यात चटणी तरी होती का गं?" आमच्याकडं शेंगाचटणी उखळात कुटूनच व्हायची. मिक्सरला लावलेल्या चटणीला आई चटणी म्हणतच नाही, 'शेंगाचं पीठ' म्हणते. कुटता कुटता तेल सुटून गोळा धरला पाहिजे. माझ्या कामात नेमकं उलटं. मला तेल नको, गोळा नको, वैद्याच्या औषधासारखी वस्त्रगाळ पूड हवी. दोन बोटांत चोळली की रवाळ लागता कामा नये.

घोटते काय, तर चिखल. तलावाचा, नदीकाठचा, शेतातला. हिप्परग्याच्या तलावातला काढलाय, भीमेच्या काठचा काढलाय, उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागं हटलं की उघडा पडणारा भेगाळ गाळसुद्धा. त्या गाळात कुजून उरलेलं सेंद्रिय द्रव्य असतं, जुन्या पानांचं, गवताचं, शेवाळाचं. ते कुणाचं हे डोळ्यांना दिसत नाही, पण कार्बनचे स्थिर समस्थानिक, म्हणजे त्याच कार्बनचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, सांगतात. कार्बनच्या शंभर अणूंत साधारण एक जड, तेरा वजनाचा. ज्वारी, बाजरी, ऊस, मका आणि माळावरचं बरंचसं गवत हवेतला कार्बन एका रीतीनं उचलतं. शेंगा, तूर, हरभरा, गहू, लिंब, बाभूळ दुसऱ्या रीतीनं. पहिल्या गटाचा आकडा, म्हणजे ठरलेल्या प्रमाणापेक्षा जड कार्बन किती कमी तो, दर हजारी उणे १२ च्या आसपास येतो, दुसऱ्याचा उणे २७ च्या. १९६६ साली हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात उसाच्या पानात ही पहिली रीत उलगडून दाखवली. आमच्या जिल्ह्याची गंमत अशी, की दोन पाण्यावर येणारी मालदांडी ज्वारी आणि धरणं पिऊन टाकणारा ऊस, दोघंही एकाच गटात. समस्थानिकांना त्यांची तहान कळत नाही.

या मोजपट्टीचं शून्य म्हणजे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामधला एक जीवाश्म, पी-डी थरातला बेलेम्नाइट, माकुळासारखा एक नामशेष समुद्री प्राणी. त्याची मूळ पूड कधीच संपली. आता व्हिएन्नाच्या नावानं ठरलेली पट्टी चालते. पण ती मूळ पूडसुद्धा कधीतरी कुणीतरी खलातच घोटली असणार, हा विचार मला घोटताना नेहमी येतो.

आता खलाचे गुण. पहिला आणि सगळ्यात मोठा: ह्यात कार्बन नाही. निव्वळ सिलिका. थोडाफार झिजला तरी नमुन्यात कार्बनची भर पडत नाही. दुसरा, कठीणपणा सातच्या जवळ, म्हणजे सुरीच्या पात्यालाही जुमानत नाही. तिसरा, आतून आरशासारखा घासलेला असतो, त्यामुळं पूड धरून ठेवत नाही. चिनी मातीचा स्वस्तातला खल मी पहिल्या वर्षी वापरून पाहिला होता. त्याचा तळ खरखरीत, धुऊन झाला की पांढऱ्यात राखाडी ढग दिसायचे. तो मी हळदीला दिला.

पण हा खल सहज जपला जातो असं मात्र नाही, आणि ते मला महागात पडता पडता राहिलं. २००४ चा उन्हाळा. सकाळी ज्वारीचा कडबा घोटला, तुलनेसाठी. दुपारी त्याच खलात तलावाचा गाळ. मध्ये धुतला, पुसला, नुसत्या नजरेला लख्ख. महिन्याभरानं आकडे आले. (मशीन आमच्याकडं नाही. ही यंत्रं अहमदाबाद, लखनौ, हैदराबादला. आम्ही इथं घोटायचं, कथलाच्या चिमुकल्या वाट्यांत मिलिग्रॅम मिलिग्रॅम भरायचं आणि डबी पाठवायची. तिथं एकेक वाटी हजारेक अंशाला जळते आणि निघालेला वायू तोलला जातो.) एका थराचा आकडा उणे २२, त्याच थराच्या दुसऱ्या डबीचा उणे २४. मी दोन दिवस खूश होते. उणे २२ म्हणजे गवत वाढलं, झाडं हटली, पाऊस कमी झाला. लोणारच्या तळ्याच्या गाळातून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा दुर्बळ मान्सून वाचला गेलाय तसं काही माझ्याही हाती लागलं, असं वाटायला लागलं.

मग हिशेब केला. एक ग्रॅम गाळ, त्यात अर्धा टक्का कार्बन, म्हणजे पाच मिलिग्रॅम. कडब्यात कार्बन चाळीस टक्के. आकडा दोननं सरकायला कडब्याचा एक मिलिग्रॅम कार्बन पुरे, म्हणजे अडीच मिलिग्रॅम भुसा. नखाच्या कोपऱ्यात मावेल एवढा. खल उन्हात तिरपा धरला तर तळाला केसाएवढा ओरखडा दिसला, कधीकाळी नदीची वाळू घोटल्याचा. त्यात पिवळट रेघ बसलेली. अडीच मिलिग्रॅम कडब्यानं मी सोलापूरवर आणखी एक दुष्काळ पाडला असता, तोही मागच्या तारखेनं.

तेव्हापासूनची शिस्त सांगते, घेणाऱ्याला उपयोगी पडेल. दर नमुन्यानंतर भट्टीत भाजून घेतलेली स्वच्छ गारेची वाळू चिमूटभर हलक्या हातानं फिरवायची, टाकायची, मग सौम्य आम्ल, मग शुद्ध पाणी. गाळ आधी, कडबा नंतर, कधीही उलट नाही. शक्य असेल तर दोन खल. आणि आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, आम्ल टाकलं की सोडा फोडल्यासारखी फसफसते. तो चुन्याचा कार्बन आधी काढून, माती धुऊन, वाळवूनच घोटायला घ्यायची. नाहीतर झाडाचं म्हणून चुन्याचंच मोजत बसाल.

दोष आहेत. ह्यात कुटता येत नाही, नुसतं घोटायचं. ठोका मारलात की टवका उडतो. एका नमुन्याला वीस मिनिटं जातात, दिवसाला बाराच्या वर माझ्यानं होत नाहीत. काठाला चोच नाही, पूड ओतताना कागद धरावा लागतो. मे महिन्यात पंखा बंद करून घोटावं लागतं, नाहीतर अर्धा नमुना टेबलावर. बेचाळीस अंशांत, डोक्याला रुमाल बांधून, कारण घामातही कार्बन असतो. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी मला त्या अवतारात पाहून प्रयोगशाळेतल्या मावशी समजून चहा सांगितला होता. मी दिलाही.

आणि सगळ्यात मोठा दोष, अकीक ताप सोसत नाही. हे डबीवर ठळक लिहायला हवं, लिहिलेलं नसतं. २०२४ च्या जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला पळायची घाई म्हणून माझ्या एका विद्यार्थ्यानं खल धुतला आणि लवकर वाळावा म्हणून ओव्हनमध्ये ठेवला. एकशे दहा अंश. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पट्ट्यांवरून आडवी भेग, काठापासून तळापर्यंत. पोरगा रडवेला. "मॅडम, मी भरून देतो ओ." मी काय बोलणार, सत्तावीस वर्षं मीच कुणाला नीट सांगितलं नव्हतं.

नवा मागवला, तेवढ्याच मापाचा, साडेचार हजार. ऑनलाइन घेतला, तिथं पहिल्यांदा भलताच माल आला. फोटोत पट्टेदार अकीक, खोक्यात झिलई दिलेली चिनी माती. परत पाठवून पैसे मिळायला सहा आठवडे आणि अकरा फोन. दुसऱ्या ठिकाणचा बरा निघाला. ओळखायची खूण: उजेडासमोर धरा, पातळ काठातून दुधी उजेड आरपार यायला हवा. खल चांगला, घासणी जुन्यापेक्षाही सरस, पण बत्ता बोटभर. तासाभरात अंगठ्याचं पेर धरतं. लाकडी मूठ बसवा असं सगळे म्हणाले. लाकूड म्हणजे नुसता कार्बन, झिजलं की थेट नमुन्यात. शेवटी यंत्रमागाचे पार्ट करणाऱ्या एका लेथवाल्याकडं गेले. त्यानं ॲल्युमिनियमची पोकळ मूठ करून दिली. चिकटवायचं नाही म्हटल्यावर तीन बारीक स्क्रूनं आवळली. ऐंशी रुपये घेतले आणि विचारलं, "कसली पावडर करताव ओ मॅडम, सोन्याची?"

माझ्याकडून पाचपैकी चार, मुठीसकट साडेचार. भेगाळलेला जुना आईच्या ओट्यावर आहे. वेलदोडे चांगले होतात म्हणते, शेंगा मात्र चारच्या वर मावत नाहीत.