२४ इंची १०८०पी की २७ इंची १४४०पी? पीसीचे पार्ट्स निवडण्याआधी हे ठरवा

पीसी बांधायचा म्हटलं की सगळे आधी ग्राफिक्स कार्डावर तुटून पडतात आणि मॉनिटर म्हणजे शेवटी उरलेल्या पैशात बसेल तो. मीपण तसंच केलं होतं. आता सांगतो ते नेमकं उलटं, आधी मॉनिटर ठरवा, कारण कार्ड आपण काही वर्षांनी बदलतोच पण मॉनिटर टेबलावर ठाण मांडून बसतो, आणि कार्डाला किती राबावं लागणार हेही तोच ठरवतो.

तर समोर दोन जोड्या आहेत. एक, २४ इंची १०८०पी (उभ्यात १०८० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके), १४४ ते २४० हर्ट्झचा (सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलणारा). दुसरी, २७ इंची १४४०पी, १४४ किंवा १८० हर्ट्झचा. ४के मुद्दाम बाजूला ठेवलंय, त्यात जवळपास ८३ लाख पिक्सेल म्हणजे १०८०पीच्या बरोब्बर चौपट, आणि ते ओढणारं कार्ड ज्याला परवडतं त्याला बहुतेक असा प्रश्नच पडत नाही.

१०८०पी म्हणजे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, म्हणजे साधारण पावणेदोन पट. हा आकडा बघूनच बरेच जण मागे फिरतात की बाबा आपलं कार्ड काय एवढं झेपणार नाही. पण इथे एक गंमत आहे. डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करणारी एनव्हिडिया आणि एएमडीची सोय, म्हणजेच अपस्केलिंग) 'क्वालिटी'वर ठेवलं की १४४०पीला गेम आतून साधारण ९६०पीवरच चालतो आणि मग चित्र मोठं केलं जातं, म्हणजे मूळ पिक्सेल नेटिव्ह (मोठं न केलेल्या) १०८०पीपेक्षाही कमी. तीच सोय १०८०पीवर वापरली तर आतून ७२०पी होतं, आणि तेवढ्याशा माहितीतून झाडाची पानं, लांबच्या तारा, कुंपणाच्या जाळ्या नीट उभ्या राहत नाहीत, सगळं थोडं वळवळतं. म्हणजे अपस्केलिंगचा खरा फायदा १४४०पीवाल्यालाच जास्त होतो.

एक चूक मात्र करू नका, २७ इंची १०८०पी. स्वस्तात मोठा स्क्रीन मिळतो म्हणून लोक उचलतात. २४ इंचाला १०८०पीवर इंचाला ९२ पिक्सेल येतात, २७ ला ८२ च, आणि गेममध्ये चालून जाईल एक वेळ पण अक्षरं वाचताना दात दिसतात. २७ ला १४४०पी घेतला की तोच आकडा १०९ होतो.

हर्ट्झचं गणितही एकदा करून बघा. ६० वरून १४४ वर गेलं की दोन फ्रेममधला वेळ १६.७ मिलिसेकंदांवरून ६.९ वर येतो, हा फरक माउस हलवल्या हलवल्या कळतो. १४४ वरून २४० वर गेलं तर ६.९ चे ४.२ होतात, म्हणजे तीनही मिलिसेकंद वाचत नाहीत. रोज शूटर खेळत असाल तर घ्या, नाहीतर तो पैसा पॅनलमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या प्रकारात घाला.

पॅनल म्हणाल तर आयपीएस, व्हीए, ओलेड असे प्रकार, त्यात आयपीएस डोळे झाकून घेता येतो. व्हीएचा काळा रंग जास्त काळा, कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास (आयपीएसचा साधारण १०००:१), पण स्वस्तातल्या व्हीएवर अंधाऱ्या गेममध्ये कॅमेरा फिरवला की सावल्यांमागे काळपट फराटा ओढल्यासारखा दिसतो आणि एकदा दिसला की मग सारखा तोच दिसत राहतो. ओलेड सुंदरच, वादच नाही, फक्त दिवसभर त्याच स्क्रीनवर एक्सेल आणि टास्कबार उघडा राहणार असेल तर बर्न-इनची (स्थिर चित्राचा डाग स्क्रीनवर कायमचा उमटण्याची) धास्ती राहते.

आता पार्ट्स. पहिल्या जोडीत, म्हणजे १०८०पी, सेटिंग्ज लो आणि फ्रेम्स २०० च्या वर, तिथे अडतं ते बहुतेक प्रोसेसरवर. एएमडीच्या एक्स३डी (जास्त कॅश, म्हणजे चिपमधलीच झटपट मेमरी, असलेल्या) चिप्स इथेच चमकतात, रायझन ७ ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे आणि साध्या रायझन ५ ७६०० मध्ये ३२. दुसऱ्या जोडीत, १४४०पी आणि सेटिंग्ज हाय, तिथे सगळा भार कार्डावर, त्यामुळे ७६०० सारखा प्रोसेसर पुरतो आणि वाचलेले पैसे कार्डात घालायचे. तुमच्या सध्याच्या मशीनमध्ये कोण अडवतंय हे कळायला सोपी युक्ती आहे, गेममध्ये रिझोल्यूशन (पिक्सेलची संख्या) एकदम खाली आणा, फ्रेम्स वाढल्या तर कार्ड दमलंय, जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसर.

कार्डात सगळ्यात आधी मेमरी बघा. माझं आधीचं ८ जीबीचं होतं. आकड्यात सगळं छान, सरासरी ८० फ्रेम्स, पण नव्या गल्लीत शिरलो की भिंतीवरची पोस्टरं चिखल फासल्यासारखी दिसायची, चार-पाच सेकंदांनी अक्षरं उमटायची आणि मध्येच एक झटका. महिनाभर ड्रायव्हर काढ, टाक, विंडोज नव्याने टाक असले उद्योग केले आणि शेवटी टेक्स्चर (भिंती-वस्तूंवरच्या चित्रांचा दर्जा) एक पायरी खाली आणलं तर सगळं गुळगुळीत. कार्डात जोर होता हो, साठवायला जागा नव्हती. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही ८ आणि १६ जीबीत येतात आणि नाव तेच असतं, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्या. १४४०पीला १६ च. आणखी एक, ५०६० टीआय आठच पीसीआय लेन (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या डेटाच्या वाटा) वापरतं, ९०६० एक्सटी सोळा, त्यामुळे मदरबोर्ड जुना पीसीआय ३.० वाला असेल तर ९०६० एक्सटी जास्त सोयीचं.

मदरबोर्ड नवाच घेणार असाल तर एएम५ (एएमडीचं नवं प्रोसेसर सॉकेट) घ्या. आधीच जुन्या एएम४ वर असाल तर बोर्ड फेकू नका, बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) अपडेट करून चांगला रायझन ५००० बसवा आणि राहिलेले पैसे मॉनिटरला. रॅम ३२ जीबी, दोन काड्यांत, बोर्डावर चार खाचे असतील तर सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, आणि बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करायला विसरू नका नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वगैरेवर रांगत बसते. एसएसडी कुठलीही बरी एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान), जेन ५ च्या (पाचव्या पिढीच्या) आकड्यांना भुलू नका, गेम उघडायला फारसा फरक पडत नाही. पॉवर सप्लायमध्ये मात्र कंजुषी नको.

माझा कौल दुसऱ्या जोडीला, ७६००, १६ जीबी कार्ड आणि २७ इंची १४४०पी आयपीएस. पण धाकट्या भावाला हे अजिबात पटलेलं नाही. तो रोज काउंटर-स्ट्राइक खेळतो, माझ्या स्क्रीनवर दोन मॅच खेळला आणि म्हणाला, दादा, नकाशा बघायला मान वळवावी लागते रे. आता माझा जुना २४ इंची त्याच्या टेबलावर आहे आणि तो परत मागायची सोय राहिलेली नाही.